झाकली मूठ

आमच्या घरात निवडणुकीला साल नसायचं, चित्र असायचं. थोरली आत्या बैलजोडीच्या पहिल्या खेपेची. धाकट्या चुलत्याचं लग्न गायवासराच्या उन्हाळ्यातलं. मी गायवासराच्या पुढच्या वर्षीचा, म्हणजे दुष्काळातला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख विचारली तेव्हा आजीने हेच सांगितलं. गुरुजींनी बोटांवर हिशेब केला आणि दाखल्यावर १ जून १९७२ लिहून टाकलं. आमच्या गावातली निम्मी माणसं एक जूनलाच जन्मलेली आहेत.

आजीला आम्ही सगळे 'बाई' म्हणायचो, आजोबांना 'तात्या'. तात्यांना राजकारणाचा नाद होता. बाईला नव्हता, असं तात्यांचं म्हणणं होतं. नगर जिल्ह्याच्या निवडणुकांचं मला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं तात्यांच्या ओट्यावरच्या गप्पांतून आलेलं. कुणाची सभा गाजली, कोण पडला, कुणी कुणाचा काटा काढला, सगळं. पुढे मी लोकसभेच्या जुन्या याद्या चाळल्या, तेव्हा कळलं की तात्यांची सालं दहातली चार चुकायची. कारणं मात्र सहसा चुकायची नाहीत. यादीचं नेमकं उलटं. तिच्यात साल बिनचूक, कारणाचा पत्ता नाही.

ती कारणं समजायला आमची दोन घरं आधी समजली पाहिजेत. वडिलांचं गाव पाथर्डी तालुक्यात, गर्भगिरीच्या डोंगराला पाठ लावून बसलेलं. होळीच्या आत विहिरी तळ दाखवायच्या. आजोळ प्रवरेच्या काठी, भंडारदऱ्याच्या पाटाखाली. ते धरण इंग्रजी अमदानीत १९२६ साली पुरं झालं, तेव्हापासून त्या पट्ट्यात ऊस. माझ्या आईचं लग्न झालं तेव्हा तिची मावशी भर मांडवात म्हणाली होती, "बागायतातली पोर जिरायतात लोटली." जिल्हा एकच, पण उत्तर आणि दक्षिण हा फरक आमच्याकडे नकाशावर बघत नाहीत, रांजणात बघतात. पहिल्या निवडणुकीत लोकसभेच्या मतदारसंघांची नावंही तीच होती, अहमदनगर उत्तर आणि अहमदनगर दक्षिण. पुढे उत्तरेचा मतदारसंघ कोपरगाव झाला आणि २००८च्या फेररचनेत शिर्डी. कागदावरच्या हद्दी सरकत राहिल्या. पाट कुठपर्यंत येतो आणि टँकर कुठून सुरू होतो, ती हद्द फारशी हलली नाही.

बाईने पहिलं मत दिलं ते १९५२च्या थंडीत. तेव्हा मतदानाचं वय एकवीस होतं, बाई नुकती बाविशीत होती आणि थोरली आत्या पोटात. केंद्र शेजारच्या मोठ्या गावच्या चावडीत. बायका बैलगाडीत बसून, ठेवणीतली लुगडी नेसून, वऱ्हाडाला चालल्यासारख्या गेल्या.

पुढची गोष्ट तात्या अशी सांगायचे. कारकुनाने बाईला नवऱ्याचं नाव विचारलं. बाई गप्प. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं. त्याने पुन्हा विचारलं, बाई पुन्हा गप्प. रांग खोळंबली, पोलीस पुढे आला. शेवटी बाईने पदर सावरला आणि चक्क उखाण्यात नाव घेतलं. सगळी चावडी हसली आणि मग बोटाला शाई लागली. तात्या दर वेळी या गोष्टीत नवा उखाणा रचायचे, त्यावरूनच थाप कळायची. बाई चुलीपासून ओरडायची, "कशाचा उखाणा आन् काय! मागं जाऊबाई उभ्या व्हत्या. त्यांनी ह्यांचं नाव सांगितलं, त्यांच्या मालकाचं मी सांगितलं."

गोष्ट हसण्यावारी जाते, पण त्याच पहिल्या मतदारयादीत उत्तर हिंदुस्थानातल्या लाखो बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच ओळख. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या कारकिर्दीत अशा नोंदी बाद ठरल्या आणि सुमारे २८ लाख नावं गळाली. आमच्या बाईने स्वतःचं नाव ठणकावून सांगितलं होतं. अडलं ते नवऱ्यापाशी. आणि दोघी जावांनी एकमेकींना साथ देऊन तेही भागवलं.

तेव्हा शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, तिच्यावर त्याचं चित्र चिकटवलेलं. पडद्याआड जायचं आणि हातातली मतपत्रिका हव्या त्या पेटीत सोडायची. लोकसभेच्या पेट्या वेगळ्या, विधानसभेच्या वेगळ्या. बाई सांगायची, "घरात कणग्या मांडाव्या तसे डबे मांडल्याले. बैलजोडीच्या डब्याला कुनीतरी हळदकुंकूबी वाह्यलं व्हतं."

"मग तू कोणत्या डब्यात टाकलंस?"

"टाकलं एका डब्यात."

"पण कोणत्या?"

"डबा बंद व्हता न्हवं? मग बंदच राहू दे की."

तात्यांना हा प्रश्नच पडत नसे. "घरातली चारी मतं बैलजोडीला," ते सांगून मोकळे व्हायचे. चारी म्हणजे ते, बाई, धाकटे आजोबा आणि त्यांची बायको. त्या खेपेला दक्षिणेतून उत्तमचंद बोगावत आणि उत्तरेतून पंढरीनाथ कानवडे पाटील निवडून आले, दोघेही काँग्रेसचे. बैल जोडीनेच शेतात शिरले.

पाच वर्षांत हे बैल उधळले. नेहरूंचं आणि नगरचं नातं साधं नव्हतं. ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत त्यांना इथल्याच भुईकोट किल्ल्यात डांबलं होतं. पटेल, आझाद हेही तिथेच होते. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' नेहरूंनी त्याच भिंतींआड लिहिलं. बाजाराला नगरला गेलं की किल्ल्याकडे बघून हात जोडणारी माणसं तात्यांनी पाहिली होती. आणि त्याच नगरने १९५७ साली नेहरूंच्या बैलांना दावणीला ठेवलं. मुंबईसह महाराष्ट्र मिळत नव्हता, द्वैभाषिक गळ्यात मारलं होतं आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभांना माणूस मावत नव्हता. समितीच्या बळावर नगरमधून र. के. खाडिलकर निवडून आले. ते मजूर किसान पक्षाचे. पुढे काँग्रेसमध्ये जाऊन ते लोकसभेचे उपाध्यक्षही झाले, पण ते दुसऱ्या मतदारसंघातून.

तात्या त्या साली समितीचे होते. मी विचारलं, "तात्या, तुम्ही तोवर मुंबई पाहिली होती का?"

"न्हाई. पण माझा चुलतभाऊ गिरणीत व्हता, त्याची मनिऑर्डर पाह्यली व्हती. जिथून मनिऑर्डर येती, ते गाव दुसऱ्याचं कसं होऊ द्यायचं?"

मुंबई कुणाची, यावर मी पुढे पुष्कळ वाचलं. तात्यांच्या मनिऑर्डरीइतकं सोपं उत्तर कुठे सापडलं नाही.

उत्तरेत त्याच वेळी याहून मोठी गोष्ट घडली होती आणि तिच्याबद्दल माझ्या दोन्ही घरांत कमीच बोललं गेलं. कोपरगावमधून बापू चंद्रसेन कांबळे निवडून आले. बी. सी. कांबळे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे, पेशाने वकील, पुढे बाबासाहेबांचं समग्र चरित्र लिहिणारे. स्वतः बाबासाहेब १९५२ साली मुंबईत हरले होते, १९५४ साली भंडाऱ्यात हरले होते. ६ डिसेंबर १९५६ला ते गेले. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांत त्यांचा अनुयायी प्रवरा-गोदावरीच्या काठावरून लोकसभेत पोचला.

आईचे वडील, आमचे आप्पा, त्या गावातले मोठे शेतकरी. त्यांना मी एकदा थेट विचारलं, "कांबळ्यांना मत दिलंत तुम्ही?" आप्पांनी पानाचा डबा उघडला, पानाला चुना लावला, कात टाकला, सुपारी कातरली. मग म्हणाले, "समितीला दिलं." उत्तर खरं होतं, पण अर्धं होतं. गावाने समितीला मत दिलं, त्या मताने कांबळे दिल्लीला गेले आणि गावातले पाणवठे होते तसे दोनच राहिले. आप्पा खोटं बोलले नाहीत, पण पान लावायला त्या दिवशी त्यांना फार वेळ लागला.

१ मे १९६०ला महाराष्ट्र मिळाला आणि राग निवला. १९६२ला तात्या बैलजोडीकडे परतले, जिल्हाही परतला. नगरमधून मोतीलाल फिरोदिया, कोपरगावमधून अण्णासाहेब शिंदे. आता वेगवेगळे डबे जाऊन एकच पेटी आली आणि चित्रावर फुलीचा शिक्का मारायची पद्धत पडली. बाईला हे पटलं नव्हतं. "आपल्याला पाहिजे त्याच्यावरच फुली मारायची? फुली तर नको त्याच्यावर मारत्यात." १९६७ला नगरमधून 'विशाल सह्याद्री'चे संपादक अनंतराव पाटील निवडून आले.

या पिढीतली एक गोष्ट याद्या चाळताना डोळ्यांत भरते. खाडिलकर आमच्या मातीतले नव्हते, कांबळे नव्हते, अनंतरावही नव्हते. अण्णासाहेब श्रीरामपूरला वकिली करत, पण मूळचे सिन्नरकडचे. तरुणपणी भाऊसाहेब थोरात, दत्ता देशमुख यांच्याबरोबर ते लाल बावट्याखाली होते. तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "तवा उमेदवार बाहेरचा असायचा, पण राग घरचा असायचा. आता उमेदवार घरचा असतोय, राग भाड्यानं आणावा लागतोय."

१९७१ला काँग्रेसची बैलजोडी गेली, गायवासरू आलं आणि अण्णासाहेब कोपरगाव सोडून नगरमधून उभे राहिले. केंद्रात शेतीखात्याचे राज्यमंत्री, हरितक्रांतीच्या कामात अग्रभागी असलेला माणूस. आणि पुढच्याच वर्षी दुष्काळ. देशाच्या धान्याची काळजी वाहणाऱ्या मंत्र्याच्या मतदारसंघात आम्ही रेशनची लाल मिलो खात होतो. बाई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. माझी आई तिच्या शेजारी. मी बाभळीला बांधलेल्या झोळीत. माझ्या अंगाईत हातोड्याचा ठेका होता, असं आई सांगते.

म्हणूनच १९७७चा निकाल बाहेरच्यांना कोड्यात टाकतो, आम्हाला नाही. इंदिरा गांधी स्वतः पडल्या, उत्तर भारतात काँग्रेस धुऊन निघाली आणि नगर जिल्ह्याने दोन्ही खासदार काँग्रेसचे पाठवले. नगरमधून अण्णासाहेब शिंदे, कोपरगावमधून बाळासाहेब विखे. तात्यांचं कारण तयार होतं: "दुष्काळात हाताला काम दिलं सरकारनं. मानूस मिठाला जागतो." बाई ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "काम आम्ही केलं. खडी आम्ही फोडली. मग मिठाला कुनी जागायचं, आम्ही का सरकारनं?" तात्यांनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या साली घरातली चारी मतं गायवासराला गेली, हे त्यांनी आधीच जाहीर केलेलं होतं.

विखे हे नाव लोकसभेच्या मतपत्रिकेवर प्रथम आलं तेही १९७१लाच. आप्पांच्या तोंडून ती गोष्ट निवडणुकीपासून नव्हे, साखरेपासून सुरू व्हायची. बाळासाहेबांचे वडील, लोणीचे विठ्ठलराव विखे, गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून शेअरचे पैसे जमवत होते. धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ त्यांच्या पाठीशी उभा राहिला. १९५०-५१च्या हंगामात प्रवरेचा सहकारी कारखाना पेटला, देशातल्या सहकारी साखर कारखानदारीतला पहिला यशस्वी प्रयोग. आप्पांनी आजीच्या पाटल्या मोडून शेअर घेतला होता. तो कागद त्यांनी देवघरात, टाकांच्या मागे ठेवला होता. "लोक हसत व्हते," आप्पा सांगायचे. "शेतकऱ्याचा कारखाना म्हंजी बैलाच्या गळ्यात घड्याळ, असं म्हणत."

घड्याळ चाललं. आणि एकदा चाललं तसा त्याच्या ठोक्यावर सगळा जिल्हा चालू लागला. प्रवरेमागून कोपरगाव, संजीवनी, अशोक, संगमनेर, राहुरी, सोनईची मुळा, भेंड्याचा ज्ञानेश्वर, श्रीगोंदा, आमच्याकडे वृद्धेश्वर. कारखान्याबरोबर पतपेढी आली, शाळा आली, दवाखाना आला. माझ्या मामाची पोरं त्यामुळेच शिकली. पण उसाला तोड कधी येणार ही चिठ्ठी ज्याच्या कचेरीतून निघते, त्याच्या सभेला शेतकरी पहिल्या रांगेत बसतो. तसं कुणी सांगत नाही. सांगावं लागत नाही. समितीच्या काळात लोक सभेला जायचे ते ऐकायला, कारखान्यांच्या काळात जायचे ते दिसायला.

आमच्या दक्षिणेचं नातं त्या उसाशी दुसऱ्या टोकाचं. दसरा झाला की गावातली धडधाकट माणसं कोयते घेऊन उत्तरेच्या फडात जायची, आणि निवडणुका बहुतेक वेळा लागायच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन गाळपात. यादीत नाव पाथर्डीला, माणूस प्रवरेच्या पाचटात. आमच्या केंद्रावर म्हातारी, पोटुशा आणि पाटील एवढेच उरायचे. मतदान कमी झालं की शहरातले लोक म्हणायचे, खेड्यात जागृती नाही. आमच्याकडची जागृती पहाटे चारला उठून मोळ्या बांधत होती.

कोपरगावमध्ये बाळासाहेब विखे १९७१ पासून १९८९ पर्यंत सलग पाच वेळा निवडून आले. नगरमधून १९८०ला चंद्रभान आठरे पाटील आले आणि १९८४, १९८९ला सोनईचे यशवंतराव गडाख. मग १९९१ला नगरमध्ये हे दोन प्रवाह एकमेकांवर येऊन आदळले.

ते माझं पहिलं मत. वय एकवीसवरून अठरावर आलेलं, मी एकोणीस वर्षांचा, मिसरूड फुटलेली. राजीव गांधींची २१ मेला हत्या झाली, मतदान जूनवर गेलं. काँग्रेसचे गडाख, आणि समोर अपक्ष म्हणून बाळासाहेब विखे. दोघेही काँग्रेसच्याच मुशीतले, दोघांच्याही मागे सहकाराची फौज. शरद पवार गडाखांच्या प्रचारात. घरोघरी भावकी फुटली, मामा एकीकडे आणि काका दुसरीकडे. गडाख निवडून आले आणि विखे कोर्टात गेले. प्रचारसभांतून आपल्या चारित्र्याबद्दल खोटी विधानं झाली, मतदारांना पैशाने विकत घेतोय असं सांगितलं गेलं, अशी त्यांची तक्रार होती.

१९९३च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गडाखांची निवड रद्द ठरवली आणि भ्रष्ट आचरणासाठी पवारांचंही नाव घेतलं. १९ नोव्हेंबर १९९३ला सर्वोच्च न्यायालयाने निवड रद्द झाल्याचं कायम ठेवलं. पवारांवरचा ठपका मात्र काढून टाकला. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला आता दाखला म्हणून येतो. त्या हिवाळ्यात आमच्या ओट्यावर शेकोटीभोवती लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३चा कीस पडत होता, आणि तो पाडणाऱ्यांपैकी निम्म्यांना सही येत नव्हती.

तात्यांना त्या निकालाने आतून हलवलं. "मत आम्ही दिलं, निवाडा कोर्टानं दिला. मग माझ्या मताचं झालं काय?" ते सारखं विचारायचे. बाई म्हणाली, "पेरलं ते करपलं तर दुबार पेरतोच की. पुन्यांदा देऊ."

दोन्ही प्रतिस्पर्ध्यांनी पुढे आत्मचरित्रं लिहिली. गडाखांचं 'अर्धविराम', विखेंचं 'देह वेचावा कारणी'. माझ्या कपाटात ती शेजारी-शेजारी उभी आहेत. रात्री-अपरात्री अजून काही आवाज आलेला नाही.

तात्या १९९७ला गेले. बरं झालं म्हणवत नाही, पण पुढचा गोंधळ त्यांच्या हिशेबात बसला नसता. १९९६ला नगरमधून काँग्रेसचे मारुती शेळके आणि कोपरगावमधून भाजपचे भीमराव बडदे आले, एवढं त्यांनी पाहिलं. १९९८ला बाळासाहेब विखे शिवसेनेचा धनुष्यबाण घेऊन नगरमधून निवडून आले आणि कोपरगावला काँग्रेसचे प्रसाद तनपुरे. १९९९ला विखे कोपरगावला परतले, वाजपेयींच्या सरकारात मंत्री झाले, आणि नगरला भाजपचे दिलीप गांधी. २००४ला विखे पुन्हा काँग्रेसचे खासदार, तर नगरला राष्ट्रवादीचे तुकाराम गडाख. पक्ष बदलत राहिले, सोयरिकी मात्र घट्ट राहिल्या. एका घरचा जावई दुसऱ्या पक्षाचा आमदार, त्याचा साडू तिसऱ्या पक्षाचा. नगरकर याला थट्टेने 'सोधा' म्हणतात. सोयरे-धायरे.

२००४ला मी मास्तर म्हणून निवडणुकीच्या ड्युटीवर होतो. यंत्र नवीन होतं. पहाटे एजंटांसमोर चाचणीची मतं, मग यंत्र कोरं करून मोहोर. एक म्हातारी आत गेली ती बाहेरच येईना. आवाज दिला तर म्हणाली, "दाबलंय, पण चिठ्ठी कुठं टाकू?" तिला पेटी हवी होती. तिचं मत आत, यंत्रात गेलंय, हे पटवायला मला पाच मिनिटं लागली. मग ती म्हणाली, "आत काय चाललंय ते दिसत न्हाई म्हंजी तुमच्यावर इस्वास ठेवायचा." तिचं हे वाक्य देशाच्या चर्चेत नंतर अनेक वर्षं, अनेक तोंडांतून फिरत राहिलं. उत्तर म्हणून यंत्राला पुढे कागदी चिठ्ठी जोडावी लागली.

त्यानंतरचं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, म्हणून भरभर सांगतो. फेररचनेत शिर्डी अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. १९५७ साली ज्या पट्ट्याने बाबासाहेबांच्या अनुयायाला दिल्लीला पाठवलं होतं, तिथेच २००९ला रामदास आठवले हरले आणि शिवसेनेचे भाऊसाहेब वाकचौरे आले. आप्पा तेव्हा असते तर पान लावायला त्यांना पुन्हा वेळ लागला असता. २०१४ आणि २०१९ला तिथे सदाशिव लोखंडे, २०२४ला पुन्हा वाकचौरे. नगरमध्ये २००९ आणि २०१४ला दिलीप गांधी. २०१९ला विखेंची चौथी पिढी, सुजय विखे, भाजपकडून दोन लाख ऐंशी हजारांच्या वर मतांनी जिंकली. पाच वर्षांत तो डोंगर वाहून गेला. २०२४च्या ४ जूनला पारनेरचे नीलेश लंके २८,९२९ मतांनी विजयी झाले. डिसेंबरपासून कांद्याची निर्यात बंद होती, ती उठली मतदानाच्या जेमतेम दहा दिवस आधी. तोवर चाळीतला कांदा आणि मनातला राग, दोन्ही सडून गेले होते. प्रचारात लंक्यांच्या इंग्रजीवरून टोमणे मारले गेले होते. त्यांनी लोकसभेत शपथ इंग्रजीत घेतली. आमचा गडी हे मोबाईलवर दहादा बघत होता, एक शब्द न कळता.

१३ मेला लोकांनी मत दिलं ते अहमदनगरला. काही महिन्यांनी जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, चौंडीच्या लेकीच्या नावाने. बाईच्या काळात बायकांना नाव घेता येत नव्हतं. आता सगळ्या जिल्ह्याला एका बाईचं नाव घ्यावं लागतं. हे बघायला बाई नव्हती.

तिचं शेवटचं मत २००९चं. त्या वर्षी ड्युटीच्या यादीत माझं नाव आलं नाही, म्हणून मी गावी गेलो. बाई ऐंशीला टेकलेली, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. चुलता म्हणाला, कशाला नेतोस उन्हात, एका मताने काय होतंय. बाई तोवर ठेवणीतलं लुगडं नेसून उंबऱ्यात उभी होती.

दिसत नसलेल्या मतदाराला सोबती नेता येतो. पण सोबत्याने आधी प्रतिज्ञापत्रावर सही करायची असते. या मतदाराने दिलेलं मत मी गुप्त ठेवीन आणि आज दुसऱ्या कुणाचाही सोबती झालेलो नाही. केंद्राध्यक्षांनी ते वाचून दाखवलं. बाई लक्ष देऊन ऐकत होती. "म्हंजी ह्यो कुनालाच सांगनार न्हाई?" तिने विचारलं. ते म्हणाले, "नाही आजी, कायदा आहे."

"मंग ठीकाय."

पुठ्ठ्याच्या आडोशामागे आम्ही दोघं उभे राहिलो. मी उमेदवारांची नावं हळू आवाजात वाचली, चित्रं सांगितली. तिने माझा खांदा खाली ओढला आणि कानाशी तोंड आणून एक शब्द बोलली. मी तिच्याकडे बघतच राहिलो. "दाब की," ती म्हणाली. मी तिचंच बोट धरून दाबलं. यंत्र लांब वाजलं. सत्तावन्न वर्षांत तिने कुणाला मत दिलं हे दुसऱ्या माणसाला कळण्याची ती पहिली वेळ.

घरी आलो तर ओट्यावर चुलते, चुलतभाऊ, शेजारी बसलेलेच. "कुणाला दिलं गं बाई? आपल्याच माणसाला ना?" चुलत्याने विचारलं. सवालातच जबाब होता, तात्यांसारखा.

"मला नका इचारू, अन् त्यालाबी नका इचारू," बाई म्हणाली. "त्यानं सही केलीया."

मी तिला आत नेऊन बसवलं. वर भिंतीवर तात्यांचा फोटो, फेट्यातला, चारी मतांचा हिशेब पक्का असल्यासारखा. बाईने शाई लागलेलं बोट पदराला पुसून पाहिलं. मग फोटो जिथे आहे त्या दिशेला मान वळवून, माझ्या हातावर हात ठेवून, हळूच म्हणाली, "आन् ह्यांना तर आजाबात सांगू नको."